यशोदाची पवळी आणि कड्यावरची गिधाडं

सुरगाण्याकडे निघाले म्हटलं की आमच्या सायखेड्यात लोक एकच विचारतात, "माणसं आणायला का?" त्यांचंही चुकत नाही. द्राक्षाची कामं सुरू झाली की तिकडच्या जीपा भरभरून आमच्याकडे उतरतात. माणसं तांदूळ, नागलीचं पीठ, तवा आणि तान्ही पोरं घेऊन येतात, बागेच्या कडेला पाल ठोकतात, काढणी संपेपर्यंत राहतात आणि शिमग्याला परत जातात. माणसं ठरवायला आमच्या घरातले पुरुष कैक वेळा तिकडे जाऊन आले आहेत. पण गेलं, चौफुलीवर चहा घेतला, बोलणं केलं आणि अंधार पडायच्या आत परत. त्यांच्या घरी कुणी राहून आल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

यशोदा आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आता मुलगी कॉलेजात जाते. इतकी वर्षं यशोदाने आमच्या बागेत घड विरळले, आमच्या ओट्यावर चहा प्यायला, माझ्या आजारपणात घर सांभाळलं. यंदा काढणी संपली त्या दिवशी जीपची वाट बघत बसलेली असताना ती सहज म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरातला मिठाचा डबा कुठं हाय ते बी मला ठावं हाय. माहं घर तुमी कधी पाह्यलं?"

शिमगा होऊन गेला, वेलींच्या खरड छाटणीला अजून वेळ होता. एका सकाळी मी पिकअप काढली आणि एकटीच निघाले. यशोदाच्या पाड्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

घाटाच्या वर

वणी मागे पडली की द्राक्षाचे मांडव संपतात आणि डोंगर जवळ येऊ लागतात. सुरगाण्याच्या पुढे तर रस्ता इतका वळतो की समोरून आलेली जीप आधी ऐकू येते, मग दिसते. टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि सगळी निवांत गप्पा मारत. मी मात्र दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेली. एका चढावर गाडी तापली. अर्धा तास बोनेट उघडून उभी राहिले, तेव्हा डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली घेतलेल्या दोन बायांनी न सांगता झऱ्याचं पाणी आणून दिलं.

भेट म्हणून मी द्राक्षाचं एक कॅरेट नेलं होतं. यशोदाच्या अंगणात ते उतरवलं, तर तिथे जमलेल्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चार महिने आमच्या बागेत द्राक्षच द्राक्ष बघून त्यांचे डोळे विटले होते. शेवटी यशोदाने घड एकेकाला वाटून टाकले आणि मला म्हणाली की आता नागलीची भाकरी खा, म्हणजे तुम्हाला पण आमच्यासारखं वाटेल. पण मला काही विटल्यासारखं झालं नाही. भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची काळी चटणी. मी तीनदा मागून घेतलं.

घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत गार. नवरा वलसाडकडे बांधकामावर गेलेला. घरात यशोदा, तिची सून आणि सुनेचं तान्हं बाळ. शेजारच्या घरात थोरला दीर रावजी. पाड्यातली बहुतेक गुरं तोच वर पठारावर चारायला नेतो.

आमच्याकडे गाय म्हणजे गोठ्यातली जर्सी. तिच्यापुढे चारा येतो, तिचं दूध मशीन काढतं, आणि जन्मभरात ती बांधाच्या पलीकडे काय आहे ते बघत नाही. इथे संध्याकाळी डांगी गुरं डोंगरावरून आपापली उतरली आणि प्रत्येक गाय आपल्या दारात जाऊन थांबली. पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे, कातडी तेल लावल्यासारखी. रावजीने सांगितलं की ही कातडी पावसाचं पाणी धरत नाही, म्हणून इथल्या पावसात हीच टिकते. यशोदाच्या गाईचं नाव पवळी. आमच्या बागेतल्या कामाच्या पैशातून घेतलेली ती पहिलीच गाय, आता दुसऱ्यांदा गाभण. यशोदा तिच्या पोटावर हात फिरवत होती तेव्हा पवळी मान वाकडी करून तिचा खांदा चाटत होती.

मी अंगणात झोपेन म्हटलं तर यशोदाने साफ नकार दिला. तिने मला ओट्यावरचा खांब दाखवला. फाल्गुनात याच खांबाला शेळी बांधलेली होती, आणि वर आढ्याला बाळाची झोळी टांगलेली. सून आत पाणी घ्यायला गेली, तेवढ्यात बिबट्याने शेळी नेली. सून बाहेर आली तेव्हा झोळी हलत होती आणि बाळ आत झोपलेलं होतं. यशोदा हे सगळं एका सुरात सांगत होती.

पठार

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी आणि यशोदा मला वर घेऊन गेले. चढ संपला आणि एकदम उघडं, पिवळ्या गवताचं पठार समोर पसरलं. त्याच्या पश्चिमेला जमीन तुटते तो कडा. वाटेत वनखात्याची पाटी लागली. हा सगळा डोंगर आता राखीव आहे. पठाराचा अर्धा भाग गुरांना मोकळा, कड्याकडचा भाग चराईला बंद, असं पाड्याने आणि खात्याने बसून ठरवलेलं. का, तर कड्यावर गिधाडं आहेत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते शाळेत असताना. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायच्या जागी ती उतरायची, आणि आम्ही नाक दाबून पळायचो. मग एके वर्षी ती दिसेनाशी झाली. गुरांना दुखण्यावर टोचायच्या औषधाने ती संपली, हे मला फार उशिरा कळलं. आता आमच्याकडे गाय मेली की जेसीबी बोलावून खड्ड्यात पुरतात.

आणि इथे ती माझ्या पायांच्या खाली उडत होती. कड्यावर उभं राहिल्यावर त्यांची पाठ दिसते, पंखांची बोटं वेगवेगळी दिसतात, आणि ती जवळून गेली की वाऱ्याचा फाडल्यासारखा आवाज येतो. कपारीत एक पिल्लू होतं, कोंबडीएवढं मोठं झालेलं तरी अजून कापसासारखं. यशोदा मला हे सगळं अशी दाखवत होती जशी मी पाहुण्यांना आमची बाग दाखवते. पाड्यात जनावर मेलं की ते इथे आणून ठेवतात, एका दिवसात हाडं पांढरी होतात, वास नाही, रोगराई नाही, असं ती म्हणाली. मी दोन तास तिथून हलले नाही.

परत फिरलो तेव्हा रावजी गुरं गोळा करत होता. पवळी नव्हती.

तिला शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बंद भागात, जिथे गवत जरा ओलं राहतं, तिथे करवंदीच्या जाळीमागे ती पडलेली होती. मान मोडलेली. मागचा भाग खाल्लेला. आणि पोट फाटून वासरू अर्धवट बाहेर आलेलं होतं. ते पुरतं तयार झालेलं होतं, खूर सुद्धा.

मी पाठ फिरवून उभी राहिले. यशोदा रडली नाही. ती खाली बसली, तिने पवळीच्या तोंडावरच्या माशा पदराने हाकलल्या, आणि तशीच हाकलत राहिली.

दुपारी वनखात्याची गार्ड मोटारसायकलवर आली. तिशीतली मुलगी, घामाने डबडबलेली, खालच्या डोंगराला लागलेली आग विझवून तशीच वर आलेली. तिने फोटो काढले, मापं घेतली. यशोदाजवळ बसून तिने समजावलं की भरपाईसाठी ती कागद पाठवेल, पण जागा चराईबंद भागात येते, त्यामुळे मिळेलच असं ती छातीठोक सांगू शकत नाही. गाय हलवू नका, झाकू नका, गिधाडं उतरतील, असंही म्हणाली. यशोदा प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर यशोदा पाणी आणायला म्हणून गेली. ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा कळशी भरलेली होती आणि हात कोपरापर्यंत ओले होते. नंतर चुलीतली राख घेऊन तिने ते पुन्हा घासले. जेवली नाही. मला वाटलं, दुःख आहे, कुणाला भूक लागेल?

तिसरा दिवस

सकाळी रावजीच्या दारात त्याचा कुत्रा मरून पडलेला होता. तोंडाला फेस, पाय ताठ. गुरांमागे पठारावर जाणारा कुत्रा, रात्री कधीतरी वर जाऊन आला असणार. रावजी त्याच्याजवळ उकिडवा बसून होता. मग त्याने एकदम डोंगराकडे पाहिलं आणि काही न बोलता वर चालायला लागला. आम्ही मागोमाग.

मला वाटत होतं की बिबट्या बघायला मिळेल, मेलेला किंवा जिवंत. समोर जे होतं त्याची मी कल्पनाही केली नव्हती.

पवळीच्या भोवती गिधाडं पडली होती. काही पालथी, पंख पूर्ण पसरलेले, कुणीतरी चादरी वाळत टाकल्यासारखी. काही गवतात दूरपर्यंत सरपटत जाऊन मेलेली. एक पवळीच्या बरगड्यांत डोकं घालूनच गेलेलं. काल माझ्या पायाखालून उडणारी ही गिधाडं जमिनीवर किती मोठी दिसतात, हे मला तिथे कळलं. मी मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडून दिलं.

आणि तो वास. मेलेल्या जनावराच्या वासाखालून येणारा, लसणीसारखा, डोक्यात चढणारा. तो मला ओळखायला क्षणही लागला नाही. फवारणीच्या दिवसांत आमच्या शेडमध्ये तोच असतो. आम्ही त्याला औषधच म्हणतो.

मी यशोदाकडे पाहिलं. ती गिधाडांकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती.

रावजीने वळणावर जाऊन, जिथे फोन लागतो तिथून, गार्डला कळवलं. ती आली आणि काही वेळ नुसती उभी राहिली. नंतर तिने टोपी काढली, तोंड पुसलं आणि कामाला लागली. वर आणखी पक्षी घिरट्या घालत होते, ते उतरू नयेत म्हणून आम्ही गवताच्या पेंढ्या हलवत, ओरडत फिरत होतो. गार्डने आमच्यासमोरच साहेबांना फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण तिने नंतर सगळ्यांना सांगितलं: विष कुणी घातलं ते कळेपर्यंत पूर्ण पठार आजपासून गुरांना बंद. मोकळा भाग सुद्धा. तिचा आवाज सांगताना बारीक झाला होता. जमलेल्या माणसांतला एक म्हातारा मटकन खाली बसला.

तेवढ्यात रावजीने हाक मारली. एक गिधाड जिवंत होतं. मान लुळी, डोळे अर्धे मिटलेले, चोचीतून लाळ, पण छाती हलत होती. गार्डला मेलेल्या गाईजवळून हलता येत नव्हतं. घाटाखाली खात्याच्या डेपोवर जनावरांचे डॉक्टर निघालेत, तिथे कुणी पोचवेल का, असं तिने विचारलं. पाड्यात गाडी एकच होती, माझी.

"म्या धरते," यशोदा म्हणाली.

गोधडीत गुंडाळलेलं गिधाड मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. एका हाताने त्याची चोच धरलेली, दुसरा हात छातीवर. गाडीत तो वास कोंडला. मी काचा खाली केल्या आणि परवाच्याच त्या वळणांवर, जिथे मी जीव मुठीत धरून आले होते, गाडी पळवली.

अर्धा घाट उतरल्यावर ती म्हणाली, "वहिनी, म्या टाकलं."

मला ते ठाऊक होतं. तरी तिच्या तोंडून ऐकल्यावर माझा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी कडेला थांबली. माझ्या तोंडून निघालं ते असं: "कुणाला सांगू नकोस. कुणी पाहिलं नाही ना? मग गप्प बस." इतक्या झटकन मी ते बोलले की माझी मलाच भीती वाटली. मागे पठारावर ते सगळे पक्षी पडलेले होते आणि मी पहिली गोष्ट हीच सांगितली होती.

ती म्हणाली, "बिबट्या परत येतो ना आपली शिकार खायला. वाटलं, येईल, खाईल. झोळी दिसत होती मला सारखी. ही सकाळी आधी उतरतील ह्यं ध्यानातच नाय आलं." मग गिधाडाकडे बघून, "ह्यं सांगायला पाह्यजे व्हतं का मला कुणी? रोज पाहते मी ह्यांना."

गिधाडाने ओकारी काढली. तिच्या लुगड्यावर, गाडीत, सगळीकडे. तिने हात हलवला नाही. मी गाडी सुरू केली.

डेपो

डॉक्टरांनी पक्ष्याला ओट्यावरच इंजेक्शन दिलं, पाणी पाजलं, आत नेलं. जगेल का म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले की आजचा दिवस काढला तर बघू. यशोदाला त्यांनी हात साबणाने नीट धुवायला लावले आणि लुगडं बदलायला सांगितलं. माझ्याजवळचा पंजाबी ड्रेस मी तिला दिला. त्या सैल, फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये ती बाहेर आली तेव्हा ओळखू येत नव्हती.

बाहेर बाकावर खात्याचे एक अधिकारी येऊन बसले होते. त्यांनी आमचे आभार मानले. गाडी घाण झाली असेल, धुवून देतो म्हणाले. मग इकडचं तिकडचं विचारता विचारता त्यांनी सहज विचारलं की पाड्यात कुणावर संशय आहे का. मी पटकन म्हणाले की मी पाहुणी आहे, मला काय ठाऊक.

यशोदा माझ्या शेजारी उभी होती. तिने हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही.

"म्या घातलं, साहेब. माही गाय व्हती. बाजारातून औषध आणलं व्हतं टमाट्यासाठी, तेच घातलं. दुसऱ्या कुणाला ठावं नाय. दादाचा कुत्रा बी त्यानंच गेला. आता पठार मोकळं करा."

अधिकारी तिच्याकडे बघतच राहिले. मी तिचा हात धरून ओढला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि मला म्हणाली, जणू बागेत एखादा घड विरळायचा की ठेवायचा ते सांगावं तसं, "वहिनी, सगळ्या पाड्याची ढोरं बंद झाली तं ती जातील कुठं? माह्यापायी?"

त्यांनी तिला चहा दिला. साहेब दोनदा म्हणाले, बाई, तुम्ही नीट विचार करून बोलताय ना? तिने हो म्हटलं. मग त्यांना जे करावं लागलं ते त्यांनी केलं. गिधाड मारणं म्हणजे वाघ मारण्याइतकाच गुन्हा, हे मला त्या दिवशी कळलं. तिलाही तेव्हाच कळलं. खात्याच्या गाडीत बसून ती गेली तेव्हा तिच्या अंगावर माझा ड्रेस होता. मी डेपोच्या आवारात उभी होते, आणि आपण घरी कसं जायचं असतं तेच मला काही वेळ आठवेना.

परत आल्यावर

रात्रीच्या आत सायखेड्याला पोचले. घरच्यांनी विचारलं, काय पाहिलं? मी गाडी धुवायला घेतली. तीनदा धुतली.

तालुक्याच्या कोर्टात जामिनाच्या दिवशी मी गेले होते. कुत्रा मेल्यापासून रावजी यशोदाशी एक शब्दही बोललेला नव्हता, हे तिच्या सुनेने मला सांगितलं. त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेला होता, जामीन राहायला. तेव्हाही तो तिच्याशी बोलला नाही. सही केली, आणि परतीच्या जीपमध्ये तिच्यासाठी जागा धरून बसला.

खटला चालू आहे. म्हणून पाड्याचं नाव लिहिलं नाही. पठाराचा मोकळा भाग पुन्हा मोकळा झाला. खरड छाटणीला यशोदा आली नाही. घरात कुणीतरी म्हणालं, बरंच झालं. मी त्यावर जेवणाच्या ताटावरून उठले.

काही आठवड्यांनी गार्डचा फोन आला. गाडीतून नेलेलं ते गिधाड वाचलं होतं. दोन दिवसांपूर्वी सकाळी पठारावर नेऊन त्याला सोडलं होतं, आणि ते थोडं चाललं, थांबलं आणि कड्यावरून उडालं. मी लगेच यशोदाला फोन लावला. दिवसभर लागला नाही. संध्याकाळी तिचाच आला, वळणावरून, वाऱ्याचा आवाज मध्ये येत होता.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली की कालच बिबट्याने दादाचं वासरू मारलं, पुन्हा तिथेच, जाळीजवळ.

मी विचारलं, "मग?"

"मग काय. पहाटेपासून म्या वासराजवळ बसून व्हते, उतरती उन्हं होईस्तोवर. कुणी काय घालू नाय म्हणून. लय वेळ गिधाडं वरच फिरत व्हती, भ्यायलेली. मी जरा मागं जाऊन बसले." वारा आला, तिचं बोलणं तुटलं, पुन्हा जुळलं. "मग उतरली, वहिनी. खाल्लं त्यांनी. शेवटचं उडेपर्यंत मी तिथंच व्हते."